समासातल्या खुणा

पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते उचलून कपाळाला लावायचे, ही रीत आपल्याकडे सगळ्याच घरांत आहे. ख्रिस्ती घरेही तिला अपवाद नाहीत. शास्त्र भुईवर ठेवू नकोस, त्याच्यावर चष्मा, किल्ल्या असले काही ठेवू नकोस, असे मुलांना बजावले जाते. आणि गंमत अशी, की याच घरांतल्या आजी-आजोबांच्या प्रती उघडून पाहिल्या तर पानोपानी पेन्सिलीच्या रेघा दिसतात. समासात मुंगीच्या पायांसारखे बारीक अक्षर, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे नुसतीच एक तारीख. इकडे एवढा आदर आणि तिकडे ही रेघाटणी! नव्याने वाचायला लागलेल्या माणसाला संकोच वाटतो. देवाच्या वचनावर आपण पेन्सिल चालवायची म्हणजे काय?

श्रोतेहो, हा संकोच मला चांगला वाटतो. तो अजिबात नसेल तर खुणा करूच नयेत. पण आदर म्हणजे हात न लावणे, एवढाच त्याचा अर्थ केला तर मात्र फसगत होते. शास्त्राचे अक्षर न् अक्षर मोजून ज्यांनी सांभाळले, तेच लोक समासात सर्वांत जास्त लिहिणारे होते.

हे लोक म्हणजे मासोरेती पंडित. इसवी सनाच्या सुमारे सातव्या ते दहाव्या शतकांत, मुख्यतः गालील सरोवराच्या काठी तिबिर्या येथे, त्यांच्या पिढ्यांनी हिब्रू शास्त्राच्या प्रती करण्याचे काम केले. मूळ हिब्रू लेखनात केवळ व्यंजने. स्वर वाचणाराने परंपरेने जाणायचे. या पंडितांनी स्वरांच्या खुणा बसवल्या; पण मूळ अक्षरांना हात लावला नाही. एखादा शब्द लिहिलेला एक आणि परंपरेने वाचायचा दुसरा असे असले, तर काय करायचे? त्यांनी लिहिलेला शब्द होता तसाच ठेवला आणि वाचायचा शब्द समासात नोंदला. लिहिलेल्याला ‘कतीव’ म्हणायचे, वाचायच्याला ‘करे’. हा शब्द सबंध शास्त्रात किती वेळा येतो, असल्या नोंदीही समासातच. सन १००८ च्या सुमाराची हिब्रू शास्त्राची एक संपूर्ण प्रत आज रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. तिच्या पानांवर मजकुराच्या रकान्यांभोवती अशा बारीक टिपांची दाटी आहे. पण मजकुराच्या आत लुडबूड नाही.

आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांचा शिरस्ताही यापासून फार दूर नव्हता. गाळलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहायचे, चुकलेल्यावर पिवळी हरताळ फासायची. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला.

मजकूर मजकुराच्या जागी आणि वाचणारा वाचणाऱ्याच्या जागी, ही शिस्त सुटली की काय होते त्याचे एक उदाहरण नव्या करारात आहे. योहानकृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय घ्या. यरुशलेमात बेथेसदा नावाचे तळे, त्याच्या काठी पुष्कळ रोगी पडलेले. त्यात अडतीस वर्षे दुखणेकरी असलेला एक माणूस. येशू त्याला विचारतो, तेव्हा तो म्हणतो की पाणी हालते त्या वेळी मला तळ्यात सोडायला कोणी नसते. आता पाणी हालते म्हणजे काय? कोण हालवतो? वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणारच. जुन्या भाषांतरांत त्याचे उत्तर चौथ्या वचनात आहे: देवदूत वेळोवेळी उतरून पाणी ढवळीत असे, आणि त्यानंतर जो पहिला आत उतरेल तो बरा होई. परंतु सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे वचनच नाही. विद्वानांचा तर्क असा, की कोणा वाचकाने ही समजूत समासात लिहून ठेवली आणि पुढच्या नकलनविसाने, हे गाळलेले दिसते असे समजून, ती मजकुरात ओढून घेतली. म्हणूनच आजच्या कित्येक भाषांतरांत तिसऱ्या वचनानंतर एकदम पाचवे येते आणि चौथे तळटिपेत किंवा कंसात जाते. त्या वाचकाचा हेतू वाईट नव्हता. त्याने आपल्यासारखीच टीप लिहिली. ती कित्येक शतके शास्त्र म्हणून वाचली गेली.

नाथांना हाच धोका दिसला होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले, की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. धर्म वेगळा, ग्रंथ वेगळा. पण अशा प्रती हाताळलेल्या माणसाची काळजी सगळीकडे एकच.

तेव्हा खूण करायची ती समासात, आणि ती आपली आहे हे ओळखू येईल अशी. इतके मान्य झाले, की पुढे जाता येते.

खुणेला पत्ता लागतो. अमुक अध्याय, अमुक वचन, असा. हे आकडे आपल्याला शास्त्राइतकेच जुने वाटतात, पण तसे नाही. आज चालतात ते अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी पाडले गेले. ते काम स्टीफन लँग्टन याचे मानतात. तो पॅरिसला शिकवीत असे आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली छापलेल्या ग्रीक प्रतीत प्रथम घातले. त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे, की हे काम वडिलांनी पॅरिसहून लिऑनला जाताना प्रवासात केले. काही वचने भलत्याच जागी तुटलेली पाहून, तिथे घोडा ठेचकाळला असावा, अशी थट्टा तेव्हापासून चालत आली आहे.

थट्टा सोडा, पण या आकड्यांनी वाचणाऱ्याला एक खोड लावली. वचन सुटे झाले. सुटे झाले म्हणजे उचलता येते, भिंतीवर टांगता येते आणि त्याच्याखाली रेघही मारता येते. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले तेरावे वचन पाहा. ज्याच्या त्याच्या प्रतीत त्याच्याखाली रेघ असते. सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे आपल्याला सर्व काही शक्य आहे, असे पौल तिथे म्हणतो. परीक्षेला बसणारा मुलगा ते वाचून निघतो, दुकान टाकणारा वाचून निघतो. पण अकरावे आणि बारावे वचन वाचले तर कळते, की पौल यशाविषयी बोलतच नाही. भरल्या ताटावर कसे राहावे आणि उपाशी कसे राहावे, दोन्ही आपण शिकलो आहोत, असे तो सांगतो आहे. आणि पत्र लिहितो आहे ते बंदिवासातून. रेघ मारायचीच तर ती अकराव्या वचनापासून, समासात उभी ओढावी. आडवी रेघ एका वाक्यापुरतेच पाहते. उभी रेघ सबंध विचार धरते. माझे स्वतःचे मत विचाराल तर शास्त्रात आडव्या रेघा जितक्या कमी तितके बरे.

समासात काय लिहावे यावरून राजेसुद्धा अस्वस्थ झालेले आहेत. सन १५६० मध्ये जिनीव्हा येथे परागंदा इंग्रजांनी आपल्या भाषेत बायबल छापले आणि समास टिपांनी भरून टाकले. घरी बसून वाचणाऱ्या साध्या माणसाला पंडिताची सोबत मिळावी, हा हेतू. ते फार खपले. आता त्यातली एक टीप पाहा. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात फारो हुकूम सोडतो की इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका. आणि शिफ्रा व पुवा या सुइणी तो हुकूम मोडतात. जिनीव्हाच्या टीपकारांनी समासात म्हटले, की त्यांनी खोटे सांगितले ते बरोबर नाही, पण राजाज्ञा मोडली ते योग्य होते. इंग्लंडच्या गादीवर आलेल्या पहिल्या जेम्स राजाला हे कसे रुचणार? १६०४ साली हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत त्याने या टिपांवर राजद्रोहाचा ठपका ठेवला आणि असल्या टिपा नसलेले नवे भाषांतर करण्याची कल्पना उचलून धरली. तेच १६११ चे प्रसिद्ध इंग्रजी बायबल. त्याच्या समासात पर्यायी अर्थ आणि संदर्भ एवढेच राहिले. सुइणींची गोष्ट मात्र राजाला काढून टाकता आली नाही, आणि ती वाचून कोणी घरी बसून समासात काय लिहावे यावरही त्याचा इलाज चालण्यासारखा नव्हता.

छापील टीप ही दुसऱ्याची. पेन्सिलीची टीप आपली, आणि म्हणूनच तीत माणूस पकडला जातो. याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण एका संगीतकाराचे आहे.

योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत जर्मनीत लाइपझिग शहरी होता. सेंट थॉमस चर्चच्या शाळेतल्या मुलांना गाणे शिकवायचे आणि शहरातल्या प्रमुख चर्चांचे संगीत सांभाळायचे, ही त्याची नोकरी. त्याच्याजवळ आब्राहाम कालोव्ह या धर्मपंडिताने सिद्ध केलेले बायबल होते: ल्यूथरचे भाषांतर आणि त्यावर टीका, १६८१ व १६८२ या सालांत छापलेले तीन जाडजूड खंड. शीर्षकपानावर बाखने आपली आद्याक्षरे आणि १७३३ हे साल घातले आहे. पुढे हे खंड नजरेआड झाले. १९३४ साली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या फ्रँकनमुथ गावी, जर्मन वंशाच्या एका कुटुंबाकडे पाहुणे म्हणून आलेल्या पाळकाच्या हाती त्यातला एक पडला. त्याने ती सही ओळखली. आज तिन्ही खंड सेंट लुइस येथील कॉन्कॉर्डिया सेमिनरीत आहेत. हस्ताक्षर ओळखता येते, पण नुसत्या रेघेला हस्ताक्षर कुठले? त्या रेघा बाखच्याच कशावरून? तर १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी शाईची तपासणी केली. रेघांची शाई आणि टिपांची शाई जुळली.

बाखने काय केले आहे? पहिली गोष्ट, छपाईच्या चुका दुरुस्त केल्या आहेत, गळलेला मजकूर भरला आहे. म्हणजे तो हे पुस्तक ताळा पाहत वाचत होता. मग पहिल्या इतिहासाचा पंचविसावा अध्याय येतो. दाविदाने मंदिरासाठी गाणारे-वाजवणारे नेमले, त्यांच्या नावांची ती यादी. तुम्ही-आम्ही अशी यादी आली की पान उलटतो. बाख तिथे थांबला आणि त्याने लिहिले की देवाला प्रिय अशा सगळ्या चर्चसंगीताचा खरा पाया या अध्यायात आहे. दुसऱ्या इतिहासात मंदिराच्या समर्पणाच्या वेळी कर्णे आणि गायक एकसुरात मिळतात आणि मंदिर मेघाने भरून जाते. तिथेही त्याची टीप आहे, की भक्तिभावाच्या संगीतात देव आपल्या कृपेसह हजर असतो. कुणाला दाखवण्यासाठी लिहिलेले हे नव्हे. पगार, मुलांची संख्या, वादकांची वाण, यांवरून नगरसभेशी ज्याचे खटके उडत, त्या माणसाने आपल्या कामाचा आधार शास्त्रात शोधून त्यापाशी खूण केली आहे.

आणि मग मत्तयाचा पाचवा अध्याय. डोंगरावरचे प्रवचन. भावावर रागावू नका, असे येशू सांगतो ती जागा. त्यावरच्या टीकेत असे विवेचन येते, की राग हा असायचाच; पण तो स्वतःसाठी नसावा, आपल्या पदासाठी आणि देवासाठी असावा. बाखने नेमकी तीच जागा खूण करून ठेवली आहे. १७३० साली नगरसभेला सविस्तर अर्ज लिहून चर्चसंगीताची दैना मांडणारा बाख डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती खूण किती जिवंत आहे ते कळेल. पण ती पाहून मन थोडे अडखळतेही. हा मनुष्य तिथे स्वतःला तपासत होता, की आपल्या रागाला शास्त्राचा दाखला मिळाला म्हणून त्याचे समाधान झाले होते? खूण काही बोलत नाही. कदाचित दोन्ही असेल.

खुणेचा खरा धोका इथेच आहे. आपण आपल्याला सोयीची वचने टिपतो. सासू सुनेसाठी टिपते, सून सासूसाठी. मंडळीतला एक पक्ष दुसऱ्यासाठी. दहा वर्षांनी ती प्रत उघडली तर तिच्यात देव काय म्हणतो त्यापेक्षा आपण कोणाशी भांडत होतो तेच जास्त दिसते. शिवाय रेघ मारलेले वचन डोळ्यांत आधी भरते. त्याच्या शेजारचे, रेघ नसलेले, मागे पडते. वर्षानुवर्षे आपण शास्त्र वाचतो असे वाटते, आणि वाचतो मात्र आपल्याच रेघा.

याच अध्यायापाशी महाराष्ट्रातली एक पेन्सिल थबकली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक तेव्हा रेव्हरंड नव्हते, ख्रिस्तीही नव्हते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला आणि वाचण्याचा आग्रह केला. पुस्तकाविषयी टिळकांना ओढ नव्हती. पण शब्द दिला होता. ध्यानात ठेवण्याजोग्या प्रत्येक मुद्द्याशी पेन्सिलीने खूण करीत पुस्तक वाचायचे, ही त्यांची नेहमीची पद्धत. त्याप्रमाणे पहिल्या पानापासून आरंभ झाला. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत ते आले आणि तिथून त्यांना हलवेना, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पेन्सिलीने हे घडवले, असे मी म्हणणार नाही. पण हातात पेन्सिल धरून वाचणारा माणूस भराभर पुढे सरकू शकत नाही, हे तर आहेच. मुद्दा टिपण्यासारखा आहे की नाही हे ठरवायला त्याला थांबावे लागते. टिळक मुद्दे निवडायला बसले होते. ते तीन अध्याय निवडीला दाद देईनात.

आता थोडे व्यवहाराचे. बायबलचा कागद फार पातळ असतो. नाही तर एवढा ग्रंथ एका हातात मावलाच नसता. त्यावर शाई चालत नाही. पाठीमागच्या पानावर उमटते, आणि रोमकरांस पत्रातली आपली हुशारी पलीकडच्या पानावर डाग होऊन बसते. बॉलपेन तर कागद कोरतेच. साधी शिसपेन्सिल घ्यावी, हात हलका ठेवावा. काही अभ्यासक रंगांची योजना करतात: वचनदत्ताला निळा, आज्ञेला तांबडा, असे. ज्याला जमते त्याने करावे. मला ते शाळेच्या नकाशासारखे वाटते. रंग भरण्याच्या नादात वाचणे राहते. आता मोबाईलवर बायबल वाचणारेही पुष्कळ आहेत आणि बोटाच्या स्पर्शाने वचन पिवळे होते. सोय मोठी आहे, नाकारू नये. एवढेच, की तिथे खूण करायला श्रम पडत नाहीत, म्हणून ती फार होते.

मग खूण कशाची करावी? आवडले त्याची थोडी. अडले त्याची अवश्य. स्तोत्रसंहितेतले एकशे सदतिसावे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठच्या आठवणीने सुरू होते. उपासनेत त्याचा पहिला भाग आपण गहिवरून वाचतो आणि शेवटच्या वचनापाशी येताच गप्प होतो. कारण तिथे शत्रूच्या तान्ह्या पोरांविषयी जे म्हटले आहे ते आपल्या तोंडून निघत नाही. त्या वचनाशी प्रश्नचिन्ह करावे. रेघ नको, खुलासा नको. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. तिथेही घाईने सांत्वन लिहू नये. समासातल्या प्रश्नचिन्हाला कोणी अश्रद्धा म्हणेल. पण मला तर ज्या प्रतीत एकही प्रश्नचिन्ह नाही ती प्रत वाचलेली आहे की नुसती धरलेली, अशी शंका येते.

शब्द अडला तर दुसरे भाषांतर काढून पाहावे आणि तिथला शब्द समासात नोंदावा. मराठी वाचकाला ही सोय चांगली आहे. बायबल सोसायटीची भाषांतरे आहेत, आणि पंडिता रमाबाईंचेही आहे. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी सबंध बायबल साध्या माणसाला कळेल अशा मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. दोन भाषांतरांत एकाच जागी दोन शब्द दिसले की वाचणारा आपोआप सावध होतो. मासोरेती पंडित काय करीत होते, ते त्याला घरच्या घरी कळते.

मनातले उमाळे, प्रार्थना, घरातल्या दुःखाच्या हकिगती यांना समास पुरत नाही. त्यांसाठी वेगळी वही करावी आणि समासात फक्त तारीख टाकावी. ज्याला तारखेचा अर्थ कळायचा त्याला कळतो. एखाद्या आजीच्या प्रतीत तेविसाव्या स्तोत्राशी तीनच तारखा असतात, आणि घरातल्या माणसांना त्या तिन्ही पाठ असतात.

शेवटी एक सुचवतो. प्रत जुनी झाली, शिवण सुटली आणि नवी घेतली, तर जुन्या खुणा तिच्यावर उतरवून काढू नयेत. मोह होतो, कारण इतक्या वर्षांची मेहनत असते. पण वर्षभर कोऱ्या समासाची प्रत वाचावी, जुनी कपाटात ठेवावी. वाटेल तिथे नव्याने खूण करावी. वर्ष संपले की दोन्ही प्रती शेजारी-शेजारी उघडाव्यात, आणि पाने एकेक करून ताडून पाहावीत. पूर्वीच्या किती रेघा पुन्हा पडल्या ते तर दिसेलच. पूर्वी जिथे प्रश्नचिन्ह होते तिथे आता काय आहे, ते मात्र सावकाश पाहावे.